चेहऱ्याची साल आणि उन्हातले काम

जालना-अंबडचा रस्ता जेथे धुळे-सोलापूर महामार्गाला येऊन मिळतो, त्या आपल्या वडीगोद्रीत ऊस-कापसावर कोणी व्याख्यान दिले तर त्याचे नवल वाटणार नाही. पण एका कामगार-संघटकाने चेहऱ्याची साल काढण्यावर बोलावे, याचे नवल वाटेल. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु काही वर्षांपूर्वी एका ऊसतोड कामगाराची मुलगी माझ्याकडे आली. पाहुणे पाहायला येणार म्हणून मुरमांचे डाग घालवण्यासाठी तिने पाच दिवसांची मजुरी मोजून एका ठिकाणी ‘पील’ करून घेतले होते. तिसऱ्या दिवशी ती कापूस वेचायला गेली. महिन्याभराने डागांच्या जागी मोठे काळे चट्टे उमटले. ती म्हणाली, “काका, उन्हात जायचे नसते, हे आधी कोणी सांगायचे?” या प्रश्नासाठीच हा विषय मी घेतला आहे.

केमिकल पील म्हणजे काय? आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झिजत असतो आणि सुमारे चार आठवड्यांत खालून नवा थर वर येतो. हे काम आम्ल लावून मुद्दाम घडवून आणणे म्हणजे पील. ही विद्या आजची नव्हे. हांबुर्गच्या पॉल उन्ना या त्वचातज्ज्ञाने 1882 साली सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचे त्वचेवरील परिणाम लिहून ठेवले. आज अधिक वापरात असलेले ग्लायकोलिक आम्ल आपल्या उसाच्या रसातही थोडेसे असते; बाजारातले मात्र बहुतेक रसायनांच्या कारखान्यातच तयार होते. तेव्हा ‘उसापासूनचे, म्हणून निरुपद्रवी’ या जाहिरातीवर भुलू नये.

पील तीन खोलींचे असते. पहिले वरवरचे : ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे. दुसरे मध्यम : बहुधा ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाचे. तिसरे खोल : फिनॉलचे. हे शेवटचे रक्तात शोषले जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकते, म्हणून ते हृदयावर यंत्राने नजर ठेवूनच करतात. आपल्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असते. तिला इजा झाली की ती काळे डाग धरते. यामुळे आपल्याकडे बहुतेक वेळा वरवरचेच पील सुरक्षित मानतात.

नीट केलेल्या पीलमध्ये काय घडते, ते क्रमाने सांगतो. आधी दोन ते चार आठवडे डॉक्टर त्वचेची तयारी करून घेतात. त्यात उन्हापासून बचावाचे मलम रोज लावणे आलेच. कानामागे थोडे आम्ल लावून पाहतात. मग चेहरा स्वच्छ करून, डोळे, नाकपुड्या आणि ओठ यांच्या कडांना व्हॅसलीन लावून आम्ल लावतात. काही मिनिटे चुरचुरते. ग्लायकोलिक आम्ल असेल तर ठरलेल्या वेळी सोड्याच्या पाण्याने त्याचा जोर मारावाच लागतो; वेळ चुकली तर त्वचा भाजते. कारखान्यात आम्ल हाताळणारा गडी हातमोजे घालतो आणि घड्याळ पाहतो. येथेही नियम तोच.

पुढे दोन-तीन दिवस लाली आणि ताण, नंतर साधारण आठवडाभर कोंड्यासारखी साल सुटणे, हे अपेक्षितच आहे. ती साल नखाने ओढू नये. खूप आग होणे, फोड, पू किंवा काळपट पट्टे दिसणे अपेक्षित नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एका खेपेत काम होत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा लागतात. मुरमांचे डाग फिके होतात, पण खोल खड्डे भरत नाहीत. वांग कमी होतो आणि ऊन लागले की परत येतो.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, ओठांवर वारंवार पुरळ येणारे, चेहऱ्यावर जखम असलेले, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणारे, या सर्वांनी डॉक्टरांना तसे आधी सांगितलेच पाहिजे. टपालाने मिळणारी तीव्र आम्ले घरी लावू नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2024 साली तसा जाहीर इशाराच दिला आहे. आपल्याकडे स्टेरॉइडची मलमे गोरेपणासाठी सर्रास विकली जात, म्हणून 2018 साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. असे मलम लावत असाल तर तेही लपवू नका.

आता माझ्या धंद्याचा मुद्दा. पीलची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. पुढचे काही आठवडे उन्हापासून जपणे, दर दोन-तीन तासांनी मलम लावणे, तोंड झाकून वावरणे, ही ती किंमत. ज्याचे काम सावलीत आहे त्याला ती परवडते. ज्याला दिवस भरला नाही तर मजुरी नाही, त्याच्यासाठी हंगामात पील करणे म्हणजे पैसे देऊन डाग विकत घेणे होय. त्याने हंगाम संपेपर्यंत थांबावे, किंवा रुमाल आणि मलम यांवरच भागवावे. वांगावरचा अर्धा इलाज तोच आहे.

आणि जायचेच असेल तर चार प्रश्न विचारा : तुमचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक कोणता? आम्ल कोणते, किती टक्क्यांचे? बिघडले तर कोणाकडे यायचे? मी उन्हात काम करतो, मला हे चालेल काय? छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तेथे हे विचारायला संकोच नको. सावळा रंग हा रोग नव्हे, त्यावर इलाजही नको. इलाज डागांचा असतो, आणि तो सर्व अटी समजून घेऊन मगच करावयाचा असतो. करारावर सही करताना आम्ही कामगारांना हेच सांगत आलो आहोत.