तीन मुले आणि एक उजेड : प्रतिकृतीतून तैलरंगाचा अभ्यास

जुन्या चित्राची प्रतिकृती करून तैलरंग शिकण्याची पद्धत युरोपात शतकानुशतके रुळलेली असून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने १७९३ मध्ये खुले झाल्यापासून चित्रकारांना दालनात ईझल मांडण्याची दिलेली मुभा आजही कायम आहे. प्रत मूळ चित्राच्या मापाची नसावी, हे बंधन मात्र तेथे पाळावे लागते. असा अभ्यास सहसा एकट्या व्यक्तीच्या चित्रावर केला जातो. समूहचित्र, म्हणजे अनेक व्यक्तींना एकाच चौकटीत परस्परांशी बांधणारे व्यक्तिचित्र, त्याहून कितीतरी अधिक शिकवते, कारण तेथे एक चेहरा पुरा करून मग दुसऱ्याकडे वळण्याची सोय नसते.

भावना, निसर्ग आणि बालपण यांना नियमबद्धतेहून मोठे मानणाऱ्या स्वच्छंदतावादाचा जर्मन चित्रकार फिलिप ओटो रुंगे (१७७७–१८१०) याने १८०५-०६ मध्ये रंगवलेले ‘हुल्सेनबेक मुले’ हे चित्र या अभ्यासासाठी उत्तम आहे. हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयातील या चित्रात धाकटा फ्रीडरिश गाडीत बसून सूर्यफुलाचे झाड मुठीत धरतो, मधला आउगुस्ट चाबूक उगारून थेट प्रेक्षकाकडे पाहतो आणि थोरली मारिया मान वळवून धाकट्याकडे लक्ष ठेवते. तीन नजरांचा हा त्रिकोण जराही ढळला, तर चेहरे हुबेहूब साधूनही चित्र विस्कटते. म्हणून मूळ चित्राच्या छायाचित्रावर आणि कॅनव्हासवर सारख्याच संख्येचे चौकोन आखून रेखाटन उतरवताना आधी डोक्यांमधली अंतरे, मग नजरांच्या दिशा आणि सर्वांत शेवटी नाकडोळे, हा क्रम हितकर ठरतो. दृष्टिबिंदू मुलांच्या उंचीवर आणल्यामुळे ती भव्य भासतात आणि शेजारचे कुंपण झपाट्याने लहान होत मागे सरते. कुंपणाची ही घट नीट मोजली नाही, तर मुलांची भव्यताच हरवते.

रेखाटनानंतर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या मातकट तपकिरी रंगात केवळ छायाप्रकाश मांडणारा पायाथर द्यावा, आणि तो तिन्ही मुलांवर एकाच वेळी द्यावा, म्हणजे तिघांवरचा उजेड एकाच दिशेचा राहतो. तैलरंगातील जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. त्यामुळे कमी तेलाच्या थरावर अधिक तेलाचा थर द्यावा लागतो, अन्यथा खालचा संथ सुकणारा थर हलत राहून वरच्याला तडे जातात.

रंगांच्या बाबतीत रुंगे स्वतःच मोठा शिक्षक आहे. १८१० च्या ‘फार्बेनकूगेल’ या पुस्तकात त्याने रंगांची मांडणी गोलावर केली, आणि पारदर्शक व अपारदर्शक रंगांतील भेदाचा विचार करणारे त्याचे पत्र जर्मन कवी ग्योथे याने आपल्या रंगविषयक ग्रंथाला जोडले. प्रतिकृती करताना हा भेद हातात उतरतो: मुलांच्या त्वचेवरचा उजेड पांढऱ्या रंगाच्या दाट, अपारदर्शक थराने येतो, तर सावल्यांची खोली ‘ग्लेझ’ने, म्हणजे तेलात मिसळलेल्या पारदर्शक रंगाच्या पातळ लेपाने येते. रुंगेच्या काळी शिसेयुक्त पांढरा वापरत. तो विषारी असल्यामुळे आज टायटॅनियम पांढरा घेतात, पण तो अधिक झाकणारा आणि थंड छटेचा असल्याने त्वचेच्या रंगात किंचित पिवळी गेरू घालावी लागते. ग्लेझ देण्यापूर्वी खालचा थर बोटाला चिकटत नाही ना, हे तपासावे, आणि अंतिम वॉर्निश चित्र पूर्ण वाळल्यावर, दाट थरांच्या बाबतीत सहा महिने ते वर्षभर थांबूनच लावावे.