टाके निघाले, आता पाऊल कुठे टाकायचे?

शस्त्रक्रिया ठरली की आपल्या मध्यमवर्गीय घरांतली सारी धावपळ त्या एका दिवसाभोवती फिरू लागते. सर्जन कोण, रुग्णालय कोणते, विम्याचे पैसे किती मिळतील, रात्री सोबतीला कोण राहणार, याचा खल मामेभावापासून शेजारच्या काकांपर्यंत सर्वांशी होतो. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. आणि चार-पाच दिवसांत डॉक्टर सांगतात, ‘‘उद्या घरी न्यायला हरकत नाही.’’ मग मात्र सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा-सून दोघेही नोकरीवर. वडील स्वतः पंचाहत्तरीचे. आईला उठवायचे कोणी, बसवायचे कोणी?

अशा वेळी कोणीतरी पुनर्वसन केंद्राचे नाव काढतो. हा शब्द आपल्याला माहीत आहे तो धरणग्रस्तांमुळे, किंवा १९६१ च्या पानशेतच्या पुरात घरे गमावलेल्या पुणेकरांमुळे. आजारी माणसाचे पुनर्वसन म्हणजे काय, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळे कोणाला ते वृद्धाश्रमाचे गोंडस नाव वाटते, तर कोणाला महागडी विश्रांती.

वास्तविक विश्रांतीशी त्याचा संबंध थोडाच. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली, तर बहुधा दुसऱ्याच दिवशी रोग्याला उठवून बसवतात, उभे करतात. कारण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या शरीराचे स्नायू झपाट्याने झडतात, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी धरतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. चिरफाड यशस्वी होऊनही माणूस पुन्हा उठत नाही, तो पुष्कळदा या पडून राहण्यामुळे.

हे शास्त्र आपल्याकडे काल-परवा आलेले नाही. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ साली सुरू झाली. आणि या शास्त्राचे मोल सांगणारे उदाहरण तर आपल्याच मातीतले आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. आपल्या आईला पदक नको आहे. तिला आपल्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जायचे आहे. पण मार्ग तोच.

घर की केंद्र?

प्रत्येकाला केंद्र लागतेच असे नाही. गुडघा बदलला आहे, प्रकृती एरवी ठणठणीत आहे, कमोड आहे, दिवसा घरात धडधाकट माणूस आहे, तर फिजिओथेरपिस्ट घरी बोलावून काम भागते. परंतु मेंदूची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल. बोलणे, गिळणे किंवा लघवीवरचा ताबा बिघडला असेल. कूस बदलायलाही दोन माणसे लागत असतील, तर हौसेने घरी नेऊ नये. तिथे माया पुरत नाही, शिकलेले हात लागतात.

पाहायला जाल तेव्हा

चकचकीत दिवाणखाना आणि भिंतीवरचा टीव्ही पाहून भुलू नका. शक्य तर सकाळी अकराच्या सुमारास, न कळवता जा. त्या वेळी रोगी खुर्चीत बसलेले, कठड्याला धरून चालताना दिसतात, की ओळीने खाटेवर पडलेले? व्यायामाच्या खोलीत घाम गाळणारी माणसे आहेत, की सायकलीवर धूळ आहे? संडासात धरायला दांड्या आहेत का, जमीन कोरडी आहे का, दुर्गंधी येते का?

मग स्पष्ट विचारा. डॉक्टर रोज येतात की बोलावल्यावर? व्यायाम दिवसातून किती वेळ, आणि तो पदवीधर फिजिओथेरपिस्ट घेतो की मदतनीस? कपडे घालणे, जेवणे, आंघोळ ही रोजची कामे पुन्हा शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे का? रात्री दोन वाजता किती रोग्यांमागे किती माणसे जागी असतात? अचानक दम लागला, पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, तर कोणत्या रुग्णालयात नेणार आणि किती वेळात? मधुमेहाचे पथ्य स्वयंपाकघरात खरोखर सांभाळतात का?

पैशाची गोष्ट संकोच न करता लेखी करून घ्यावी. दररोजच्या दरात औषधे, डायपर, मदतनीस, व्यायाम यांपैकी काय धरले आहे ते एकेक लिहून घ्या. नाहीतर बिलाचा आकडा सांगितल्यापेक्षा फुगतो. विमा रुग्णालयाचे पैसे देतो म्हणून या मुक्कामाचेही देईलच, असे समजू नका. कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ‘‘आमच्या आई घरी जातील तेव्हा त्यांना काय काय करता येईल?’’ चांगले केंद्र तुम्हालाच उलट विचारील. तुमच्याकडे पायऱ्या किती? खाट किती उंच? संडास भारतीय पद्धतीचा की कमोड? देवपूजेला खाली बसायची सवय आहे का? मग त्याप्रमाणे आठवड्या-आठवड्याचे ध्येय ठरवील आणि घरच्या माणसालाही उचलायला, चालवायला शिकवील. ज्यांना तुमच्या जिन्याची चौकशी करावीशी वाटत नाही, त्यांनी खाट तेवढी भाड्याने द्यायचे ठरवले आहे, हे ओळखावे.

लोक काय म्हणतील?

‘आईला बाहेर ठेवले’ हा शब्द आपल्याला फार बोचतो. पण घरी आणून तिला पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलू न देणे, हीदेखील माया नव्हे. अशा सेवेने चार महिन्यांत धड माणूस परावलंबी होतो. उलट, तिला न विचारता केंद्रात नेऊन सोडणे हेही तितकेच चूक. तिला आधी सांगा, शक्य तर जागा दाखवा, किती दिवसांसाठी ते ठरवा, आणि रोज कोणीतरी भेटायला जा. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल, तर ही निवड आधीच उरकावी. अपघाती असेल, तर रुग्णालयातल्या दुसऱ्या दिवशीच सर्जनला पुढचे विचारावे, आणि पायावर किती भार टाकायचा ते कागदावर लिहून घ्यावे.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी आई स्वतः उठून गॅसपाशी उभी राहिली, तर तिला ‘बस, बस’ म्हणू नका. वॉकर जवळ ठेवा, आणि चहा तिला करू द्या.