प्रताधिकार, संगीतविषयक
प्रताधिकार, संगीतविषयक : संगीतरचना, तिचे शब्द, तिचे गायन-वादन आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांचा सार्वजनिक वा व्यापारी उपयोग करण्याचा, तसेच इतरांना तो करू देण्याचा किंवा नाकारण्याचा, कायद्याने मान्य केलेला अनन्य हक्क. भारतात त्याचे नियमन प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये होते. हा अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला.

एकाच गीतात अनेक स्वतंत्र हक्क एकवटलेले असतात. शब्दांचा हक्क प्रथमतः गीतकाराचा, स्वररचनेचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा व सादरीकरणाचा गायक-वादकांचा असतो. करारान्वये ते अन्य व्यक्तीकडे वा संस्थेकडे गेलेले असू शकतात. त्यामुळे एखादे गाणे दुसऱ्या गायकाकडून नव्याने ध्वनिमुद्रित करावयाचे असल्यास शब्द व चाल यांच्या हक्कदारांची अनुमती पुरते. मूळ ध्वनिमुद्रणच वापरावयाचे असल्यास त्याच्या मालकाचीही अनुमती लागते.

राग, ताल व ठेका हे सर्वांचे सामाईक धन असल्याने त्यांवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. त्यांच्या आधारे रचलेल्या स्वतंत्र बंदिशीवर वा चालीवर मात्र तो असू शकतो. मूळ अधिनियमानुसार संगीतकृती मुद्रित, लिखित अथवा अन्य आलेखी स्वरूपात असणे आवश्यक होते. पाश्चात्त्य स्वरलेखनास अनुरूप असलेली ही अट गुरुमुखातून शिकल्या जाणाऱ्या हिंदुस्थानी संगीतास गैरसोयीची होती. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी अनेक घराणेदार बंदिशी लिपिबद्ध केल्या, तरी असंख्य रचना केवळ कंठस्थच राहिल्या. १९९४ च्या दुरुस्तीने (अंमल १० मे १९९५) ही अट दूर झाली.

गायक-वादकांचे हक्क कायद्यात उशिरा आले. पार्श्वगायकांना स्वामित्वधन मिळावे, ही मागणी लता मंगेशकर यांनी १९६० नंतरच्या दशकात आग्रहाने मांडली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये असा निर्णय दिला, की मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, चित्रपटाचा निर्माता होय. याच निकालात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या कलेस कायद्याचे संरक्षण नसल्याकडे लक्ष वेधले. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंतांना २५ वर्षांचा सादरीकरणाचा हक्क दिला. १९९९ मध्ये ही मुदत ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटातील गीताचा चित्रपटगृहाबाहेर उपयोग झाल्यास गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा समान वाटा मिळतो. हा वाटा वारस वा प्रताधिकार संस्था यांखेरीज अन्य कोणाला देऊन टाकता येत नाही, आणि तसा करार झाला तरी तो निरर्थक ठरतो.

गीत व स्वररचना यांचा प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा, प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे. कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होत असल्याने नोंदणी सक्तीची नाही. तथापि वाद उद्भवल्यास नोंदणी सकृद्दर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. करारात कृती, दिलेले हक्क, मुदत, प्रदेश व मोबदला यांचा स्पष्ट उल्लेख हवा. मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. उमेदीच्या काळात एकरकमी बिदागीवर सर्व हक्क लिहून देणाऱ्या कलावंतास या तरतुदींचे ज्ञान विशेष मोलाचे ठरते. प्रत्येक प्रयोगाचा वा प्रसारणाचा मागोवा एकट्याने घेणे अशक्य असल्याने स्वामित्वधनाची वसुली सामान्यतः संस्थांमार्फत होते. १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार, संगीतकार व संगीतप्रकाशक यांची अशी संस्था आहे.

धार्मिक विधी, शासकीय समारंभ, तसेच विवाहाची वरात व विवाहाशी संबंधित समारंभ यांतील संगीतास अधिनियमाने सूट दिली आहे. अन्यत्र हक्कभंग झाल्यास मनाईहुकूम व नुकसानभरपाई मागता येते. जाणूनबुजून केलेला हक्कभंग गुन्हा असून त्यास सामान्यतः ६ महिने ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे.