ऐंशी टक्क्यांनंतरचं बिल

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ साली अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांच्या अंतराने दोन कायद्यांवर सह्या केल्या. ३० जुलैला मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या कायद्यावर आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतराच्या नव्या कायद्यावर. दुसऱ्या कायद्याने मराठी डॉक्टर-इंजिनियरांना अमेरिकेचं दार उघडलं. त्या दारातून आत गेलेली पहिली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे आणि तिचं म्हातारपण पहिल्या कायद्याच्या भरवशावर चाललं आहे.

हा भरवसा मोठा आहे, पण पुरता नाही. सरकारी विमा म्हटलं की सगळं फुकट असेल, असं आपल्याकडे सहज वाटतं. प्रत्यक्षात मेडिकेअरचा पार्ट ए रुग्णालयातल्या मुक्कामाचा खर्च उचलतो. स्वतः किंवा जोडीदाराने तिथे साधारण दहा वर्षं नोकरी करून कर भरला असेल, तर त्याला हप्ता नसतो. डॉक्टरांची फी, तपासण्या, दवाखान्यात घेतलेली केमोथेरपी हे सगळं पार्ट बीमध्ये येतं. त्याचा हप्ता २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता, उत्पन्न जास्त असेल तर त्याहून अधिक. घरी घ्यायच्या औषधांसाठी पार्ट डी वेगळा घ्यावा लागतो.

खरी अडचण पार्ट बीच्या हिशेबात आहे. वर्षातली पहिली ठरावीक रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर) रुग्णाने भरायची. त्यानंतर मेडिकेअरने मान्य केलेल्या रकमेपैकी ८० टक्के सरकार देतं आणि २० टक्के रुग्ण. या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. कर्करोगाच्या उपचारांची मान्य रक्कम समजा ५० हजार डॉलर झाली, तर दहा हजार डॉलर रुग्णाच्या खिशातून जाणार. एक लाख झाली तर वीस हजार. रुग्णालयाचंही तसंच. २०२५ मध्ये भरती झाल्यावर पहिले १,६७६ डॉलर रुग्णाचे होते, आणि एकसष्टाव्या दिवसापासून नव्वदाव्यापर्यंत रोजचे ४१९. शिवाय भरतीची ही पहिली रक्कम वर्षातून एकदाच भरून सुटका होत नाही. घरी येऊन सलग ६० दिवस झाल्यावर पुन्हा भरती व्हावं लागलं, तर ती पुन्हा भरायची. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला एका वर्षात अशा दोन भरत्या फार जड जातात.

ही उरलेली रक्कम भरण्यासाठी खासगी कंपन्या जो पूरक विमा विकतात, त्याला मेडिगॅप म्हणतात. एके काळी या बाजारात प्रचंड गोंधळ होता. एकाच म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात चार-चार पॉलिसी मारल्या जात आणि त्या सगळ्या एकाच खर्चासाठी असत. अखेर १९९०च्या कायद्याने पॉलिसींचे ठरावीक साचे बांधून दिले आणि त्यांना ए, बी, डी, जी अशी अक्षरं दिली. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांची पद्धत वेगळी आहे. बाकी सगळीकडे प्लॅन जीमधलं मूळ संरक्षण कुठल्याही कंपनीकडे तेच असतं. बदलतो तो हप्ता. म्हणून कंपनीच्या नावाला भुलण्यापेक्षा हप्ता आता किती आणि वयानुसार तो कसा वाढत जाणार, हे आधी विचारावं. सध्या नव्याने येणाऱ्यांसाठी सर्वांत भक्कम संरक्षण प्लॅन जीचं. त्यात पार्ट बीची वर्षातली ती पहिली रक्कम सोडली, तर मान्य खर्चातला रुग्णाचा वाटा जवळजवळ सगळा भरला जातो. प्लॅन एनचा हप्ता कमी असतो, पण डॉक्टरकडच्या भेटीला २० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. दात, चष्मा, श्रवणयंत्र आणि दीर्घकाळची शुश्रूषा मात्र दोन्हींच्या बाहेरच राहते.

मेडिगॅप ‘केव्हा’ घ्यायचा, हा प्रश्न ‘कोणता’ यापेक्षाही महत्त्वाचा आहे. वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेली असताना पार्ट बी सुरू झाला की त्या महिन्यापासून सहा महिन्यांची मुदत मिळते. या काळात मधुमेह असो की बायपास झालेली असो, कंपनी पॉलिसी नाकारू शकत नाही आणि आजारपणासाठी जादा हप्ताही लावू शकत नाही. मुदत उलटली की बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृतीची चौकशी करते आणि सरळ नकारही देऊ शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकटसारखी मोजकीच राज्यं याबाबत उदार आहेत. ‘सध्या तब्येत ठणठणीत आहे, पुढे बघू’ हा विचार इथे फार महाग पडतो.

त्यातच मेडिकेअर ॲडव्हान्टेज या दुसऱ्या पर्यायाची जाहिरात जोरात असते. त्यात अनेकदा वेगळा हप्ता नसतो, वर्षाच्या खर्चाला मर्यादा असते, दाताचे काही उपचारही मिळतात. पण डॉक्टर ठरावीक यादीतले, आणि कित्येक उपचारांना कंपनीची पूर्वपरवानगी लागते. ॲडव्हान्टेज आणि मेडिगॅप एकत्र वापरता येत नाहीत. पहिल्या वर्षानंतर ॲडव्हान्टेज सोडून मेडिगॅपकडे यायचं म्हटलं, तर पुन्हा तीच प्रकृतीची चौकशी आडवी येते.

मुलांनी ग्रीनकार्डवर बोलावलेल्या आई-बाबांचा हिशेब आणखी वेगळा. मुलगा कितीही कर भरत असला, तरी त्याचा लाभ आई-वडिलांना मिळत नाही. अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिल्यावर त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं. तिथे कधीच नोकरी न केलेल्या व्यक्तीला २०२५ मध्ये पार्ट एसाठी महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बीसाठी १८५, म्हणजे माणशी ७०३ डॉलर मोजावे लागत होते. मेडिगॅपचा हप्ता त्यावर वेगळा. त्यात आपल्या मेडिक्लेमसारखी कुटुंबाची एकत्र पॉलिसी नसते, आईची वेगळी आणि बाबांची वेगळी घ्यावी लागते. कुणाला काय परवडेल हे ठरवायला प्रत्येक राज्यात सरकारी पैशावर चालणारी मोफत सल्लाकेंद्रं आहेत. विमा विकणाऱ्या एजंटाआधी तिथे जावं.

हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा न्यू जर्सीत काढणाऱ्यांनी एक कलम नीट वाचायला हवं. मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळपास काहीच देत नाही. प्लॅन जी आणि एन परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च देतात, पण पहिले २५० डॉलर वगळून, प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच, आणि आयुष्यभरात मिळून ५० हजार डॉलरपर्यंत. पाच महिन्यांच्या मुक्कामात तिसऱ्या महिन्यात हृदयविकाराचा झटका आला तर हे कलम उपयोगाचं नाही. त्यासाठी भारतात वेगळा विमा हवा. आणि भारतात लांबचा मुक्काम आहे म्हणून पार्ट बी बंद करण्याआधी दहादा विचार करावा. परतल्यावर तो नव्याने घेताना मधल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता सहसा १० टक्क्यांनी वाढतो. ही वाढ पार्ट बी असेपर्यंत भरत राहावी लागते आणि मेडिगॅपची ती सहा महिन्यांची मुदत पुन्हा मिळत नाही.