घर घेताना, घर विकताना

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही म्हणतो, घर पाहावे विकत घेऊनही. बांधताना चुकले तर भिंत पाडून पुन्हा उभी करता येते. घेताना चुकले तर जन्माची शिल्लक जाते, आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात त्या वेगळ्याच.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी गावठाणातले घर घेतले. विकणारा थोरला भाऊ. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर त्याचे एकट्याचे नाव. स्टँपपेपरवर लिहून घेतले, चार पंचांच्या सह्या झाल्या, पैसे मोजून दिले. दोन वर्षांनी धाकटा भाऊ दारात आला. मागोमाग सासरी असलेली बहीण आली. "घर आमच्या वडलांचं. आमचा वाटा कुणी विकला?" गृहस्थांपाशी उत्तर नव्हते. त्यांना वाचता येत होते. पण काय वाचायचे, ते ठाऊक नव्हते. तेच आज आपण पाहू.

१. घर कोणाचे आहे?

ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा हा घरपट्टीचा कागद आहे. पट्टी कोणाकडून घ्यायची, हे तो सांगतो. तो हवाच. पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. गावठाणाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून मिळकत पत्रिका मिळते. 2020 साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोन नावाच्या उडत्या यंत्राने गावठाणे मोजून अशा पत्रिका तयार करतात. ती पत्रिका मागा. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा पाहा, आणि जमीन बिनशेती झाली आहे का, ते विचारा. कागदावर 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिले असेल तर तिथेच थांबा. अशी जागा विकायला आधी सरकारी परवानगी लागते.

मग विचारा, घर वडिलार्जित आहे का? असेल तर सगळे वारस कोण? हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. "लग्नात दिलं की सारं," असे म्हणून तो संपत नाही. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला असेल तर त्याचे नोंदवलेले हक्कसोडपत्र पाहा. नसेल तर खरेदीखतावर तिचीही सही घ्या. मिळकत अज्ञान मुलाच्या नावावर असेल, तर ती विकण्यापूर्वी पालकालाही कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

२. घरावर बोजा आहे का?

जुने मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहा. झेरॉक्सवर विसंबू नका. "मूळ कागद बँकेत आहेत," असे कोणी म्हणाला, तर घर गहाण असण्याचा संभव आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जुन्या व्यवहारांचा शोध घेता येतो. वकील साधारणपणे मागच्या 30 वर्षांचा शोध घेतात. त्यांची फी द्यावी लागते. पण घर गमावण्यापेक्षा ती केव्हाही स्वस्त. घरपट्टी आणि विजेचे बिल थकले नाही ना, तेही पाहा.

३. जागेवर जा

कागदावर चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, ते उभे राहून पडताळा. टेप लावून मोजा. वाट कोणाच्या अंगणातून आहे? सांडपाणी कुठे जाते? आत कोणी भाडेकरू आहे का? शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. कागद सांगत नाही ते शेजारी सांगतो.

४. इसार

सौदा ठरला की इसारपावती करा. किंमत, दिलेली रक्कम, खरेदीची मुदत, आणि सौदा मोडला तर काय, हे सारे तीत लिहा. 2015 सालापासून घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास मनाई आहे. म्हणून पैसे बँकेतून द्या. तोच तुमचा पुरावा. मात्र इसारपावती किंवा साठेखत झाले म्हणजे घर तुमचे झाले, असे नाही.

५. खरेदीखत

100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदवलेल्या खरेदीखतानेच पुरी होते. नुसता स्टँपपेपर आणि पंचांच्या सह्या चालत नाहीत. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकापुढे हजर करावा. लिहिलेली किंमत आणि सरकारी दराने येणारी किंमत, यांत जी जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क पडते. तेव्हा किंमत कमी दाखवण्याच्या नादी लागू नका. उद्या भांडण झाले तर कागदावरचा आकडाच पुढे येतो.

दस्त नोंदला की काम संपले, असे समजू नका. सूची 2 ची प्रत घ्या. ग्रामपंचायतीत आणि मिळकत पत्रिकेवर आपले नाव लावून घ्या.

विकणाऱ्याने काय पाहावे?

पूर्ण रक्कम खात्यावर जमा झाल्याशिवाय सही करू नका. चेक हातात आला म्हणजे पैसे आले, असे नव्हे. कोऱ्या कागदावर सही नको. वाटेल त्याला मुखत्यारपत्र नको.

आणि एक मोठा धोका सांगतो. सावकार पैसे देताना म्हणतो, "नावापुरतं खरेदीखत करून दे. पैसे फेडलेस की घर परत." असे कधीही करू नका. कागदावर ती विक्रीच ठरते. कर्जापायी घर असे गेले असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. घर परत देण्याचा हुकूम तेथून होऊ शकतो.

आमच्या त्या गृहस्थांचे पुढे काय झाले? वर्षे गेली, बैलजोडी गेली. अखेर भाऊ-बहिणींना त्यांच्या वाट्याचे पैसे देऊन तडजोड झाली. एकच घर त्यांनी जवळजवळ दोनदा घेतले.

निबंधकाच्या कचेरीत शिकलेल्याचाही अंगठा घेतात. त्यात लाज नाही. वाचल्याशिवाय अंगठा देण्यात मात्र नुकसान आहे. आता तुम्हांला अक्षर आले आहे. तेव्हा दस्त हातात घ्या, ओळीवर बोट ठेवा, आणि शेवटपर्यंत वाचा. मागे कितीही लोक खोळंबले असोत. घर तुमचे आहे.

प्रश्न

१. नमुना 8 वरून काय कळते? काय कळत नाही?
२. थोरल्या भावाकडून घर घेणाऱ्या गृहस्थांच्या कोणत्या दोन चुका झाल्या?
३. तुमच्या घराच्या चतुःसीमा वहीत लिहा.
४. तुमच्या घराच्या कागदावर कोणाकोणाची नावे आहेत? आज घरी जाऊन वाचा.