भोकरी द्राक्षाची वाइन का झाली नाही?

दादरच्या बाजारात माघ-फाल्गुनात द्राक्षांच्या पेट्या आल्या की आपण एकच विचारतो, ‘बिनबियांची ना?’ या प्रश्नापुढे ज्या जुन्या जाती हरल्या, त्यांत भोकरी एक. हिरवट-पिवळी, बियांची, वेलीला भरघोस लागणारी. पूर्वी नाशिककडे द्राक्षवेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत. १९६० नंतर थॉमसन सीडलेस या परदेशी जातीने बागा व्यापल्या.

द्राक्ष मूळचे पश्चिम आशियाचे खरे. पण ते येथे फार पूर्वी रुळले. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादेस वर्षातून दोनदा द्राक्षे येतात असे नोंदविले. आपल्या हवेत वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून बागाईतदार एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतात. हल्ली पीक घेतात ते दुसऱ्या छाटणीचे.

आता वाइनकडे वळू. पांढऱ्या वाइनसाठी साल बाजूला सारून नुसता रस आंबवितात. यीस्ट साखर खाते, मद्यार्क बनतो. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का. भोकरीत साखर १६ ते १८ टक्के, म्हणजे मद्यार्क १० टक्क्यांच्या आसपास. बाजारातल्या पांढऱ्या वाइनमध्ये तो बहुधा ११ ते १३ असतो. वाइन हलकी झाली असती, पण झाली असती! (गिरगावात वैद्यांकडून आणलेले द्राक्षासव आपण निःशंकपणे घेतो. धायटीच्या फुलांनी आंबविलेल्या त्या आसवातही मद्यार्क असतोच.)

आमच्या मते खरी अडचण काळाची होती. भोकरी बागांत होती तेव्हा मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. नाशिकजवळ सुलाची पहिली वाइन २००० साली निघाली, ती सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या फ्रेंच जातींची. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण आखले; तोवर भोकरी बागांतून जवळजवळ उठली होती. पाहुण्या जातींना आम्ही दोष देत नाही. त्यांची चव जगाला ठाऊक होती. कारखानदाराने पैसा तेथे लावला, यात नवल नाही.

ग्रीसमध्ये मलागूझिया ही पांढरी जात अशीच नामशेष होत आली होती. १९७० नंतरच्या दशकात एका प्राध्यापकाने तिचे वेल गोळा केले, एका वाइनकाराने ते लावून पाहिले; आज तिची वाइन देशोदेशी जाते. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तेथे शेकडो जाती जतन केल्या आहेत. जुन्या देशी पांढऱ्या जातींच्या दोन ओळी लावायच्या, घड कमी ठेवून साखर वाढते का ते पाहायचे आणि रस आंबवून चाखायचा, एवढ्या प्रयोगाला फार मोठे भांडवल लागणार नाही.