लवचिक निबेची पारख

दिवाळीत जालन्याच्या मोंढ्यातील आडत दुकानांत नव्या वहीवर कुंकवाने 'श्री' रेखाटले जाते, 'शुभ' आणि 'लाभ' लिहिले जाते आणि वहीशेजारी लेखणी मांडली जाते. वर्षभराचा हिशेब आता संगणकावर असला, तरी त्या क्षणी लेखणीचा मान अबाधित असतो. ही लेखणी कित्येक घरांत आजोबांचे शाईचे पेन असते. पूजा झाली की ते पुन्हा कपाटात जाते. नातवंडांना ते चालवून पाहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र जुन्या पेनाची निब लवचिक असेल आणि ती हाताळण्याची रीत ठाऊक नसेल, तर एकाच बैठकीत ती कायमची वाकू शकते.

निबेच्या मधोमध एक चीर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पाती असतात. लवचिक निबेवर दाब दिला की ही पाती फाकतात व रेघ जाड होते. दाब काढला की ती मिटतात व रेघ बारीक होते. ताठ निबेत असा फरक जवळजवळ पडत नाही. निबेचा सोनेरी रंग हा लवचिकपणाचा पुरावा नव्हे. पोलादावर सोन्याचा मुलामा असू शकतो आणि '१४ कॅरेट' असा ठसा असलेली खरी सोन्याची निबही पुष्कळदा ताठ असते.

न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांना त्यांच्या शाईपेनाचे पेटंट १८८४ मध्ये मिळाले. टाक दौतीत पुनःपुन्हा बुडवण्याचा त्रास त्या पेनात नव्हता. त्या काळी अक्षराला जाड-बारीक वळण देणाऱ्या लवचिक निबेला मागणी होती. पुढे कार्बन कागद लावून बिलाची दुसरी प्रत काढण्याची पद्धत रूढ झाली. खालच्या प्रतीवर अक्षर उमटण्यासाठी जोर देऊन लिहावे लागे, म्हणून त्या कामासाठी मुद्दाम ताठ निबा बनू लागल्या. नंतर बॉलपेन आले आणि लवचिक निब आणखी मागे पडली. तिला मागे सारण्यात व्यापाऱ्याच्या बिलबुकाचाही असा वाटा आहे.

चाचणीसाठी गुळगुळीत कागद घ्यावा. खरखरीत कागदाचे तंतू निबेच्या चिरेत अडकतात आणि शाई पसरते. पेन आधी साध्या पाण्याने धुवावे आणि त्यात शाईपेनाचीच शाई भरावी. चित्रकलेची जलरोधक शाई आत वाळून मार्ग बंद करते. पहिल्या दोन ओळी मुळीच दाब न देता लिहाव्यात. मग वरून खाली सरळ रेघ ओढताना दाब हळूहळू वाढवावा आणि रेघ दुप्पट जाड झाली की थांबावे. खालून वर जाताना दाब दिल्यास टोक कागदात रुतते. जाड रेघेच्या मधोमध पांढरी फट राहिली, तर शाई कमी पडत आहे, असे समजून हात सावकाश चालवावा. दाब काढल्यावरही पाती मिटली नाहीत, तर चाचणी तेथेच संपवावी. फाकलेली निब घरी चिमट्याने सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

देवनागरी लिहिताना आणखी एक भेद जाणवतो. बोरूचे टोक चपटे व तिरके कापलेले असते. रेघेची जाडी हात कोणत्या दिशेला वळतो यावर ठरते. लवचिक निबेत ती दाबावर ठरते. त्यामुळे 'लाभ' लिहिताना काना भरदार येतो, पण आडवी शिरोरेषा बारीकच राहते. ती जाड करण्यासाठी आडवा जोर दिला, तर एका पात्यावर अधिक भार येऊन निब बिघडते. बोरूचे वळण हवे असेल, तर बोरूच घ्यावा किंवा तिरक्या कापाची निब वापरावी.

म्हणूनच सराव आजोबांच्या पेनावर करू नये. कानपूरला आजही पोलादी निबा बनतात आणि त्यांत लवचिक प्रकारही आहे. अशा स्वस्त निबेवर महिनाभर हात बसवावा, दाब कोठे द्यावा आणि कोठे सोडावा हे बोटांना कळू द्यावे. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांच्या देखत जुने पेन उघडावे. त्यांनी त्या पेनाने लिहिलेली कीर्द किंवा खतावणी घरात असेल, तर तीही शेजारी ठेवावी. जाड रेघ कोठे सुरू होते आणि कोठे विरते, हे तिच्यात पाहता येते. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, ग्रंथ आणि लेखणीचे पूजन होते. यंदा त्या दिवशी पूजेतील पेनाने घरातील एखाद्या मुलाने स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली, तर ते पेन पुन्हा वापरात येईल.